मागे राहिलेल्या गावाची नजर
(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेले व्याख्यान)



परप्रांतात साठ वर्षे चाललेल्या मराठी शाळेच्या सभागृहात परक्या गावाविषयी बोलणे म्हणजे मासोळीला पाण्याची ओळख करून देण्यासारखे आहे. येथे बसलेल्यांपैकी अनेकांचे आजोबा-पणजोबा कधी बदलीच्या हुकमाने, कधी पोटामागे या मुलखात आले. भाड्याची खोली, बाजारात न समजणारी बोली, सणाच्या दिवशी कोणाच्या दारी जावे हा प्रश्न, हे सारे त्यांनी सोसले. आणि त्यांनीच पुढे वर्गणी गोळा करून ही शाळा उभी केली. आता याच शाळेतून शिकून गेलेली मुले समुद्रापलीकडच्या शहरांत आपली पहिली थंडी काढीत आहेत. त्यांची पत्रे येत नाहीत, फोन येतात. आणि फोनवर सगळे ठीक आहे असेच सांगण्याची रीत असते. जे त्या फोनवर सांगितले जात नाही, त्याविषयी आज थोडे बोलायचे आहे. त्यासाठी दोन थोर माणसांच्या चरित्रांतली काही पाने उघडावी लागतील. त्यांचे कर्तृत्व सर्वांना पाठ आहे. आज मात्र त्यांची खोली, त्यांचे ताट आणि त्यांचे कपडे, एवढ्याचकडे पाहायचे आहे.

आनंदीबाई जोशी यांचे नाव घेतले की दोन तारखा डोळ्यांपुढे येतात. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात मिळालेली वैद्यकाची पदवी, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी झालेली नसताना, पुण्यात आलेला मृत्यू. या तारखांच्या मागे अमेरिकेतली तीन वर्षे आहेत, आणि त्या वर्षांतली प्रत्येक सकाळ त्यांना उठून, विस्तव पेटवून, काहीतरी शिजवून, नेसून-सवरून सुरू करावी लागली आहे. चरित्रे वाचताना या सकाळी नजरेतून निसटतात.

त्यांचे परदेशपण खरे तर अमेरिकेत सुरू झालेच नव्हते. कल्याणची यमुना नवव्या वर्षी गोपाळराव जोशांची आनंदी झाली आणि टपालखात्यातल्या नवऱ्याच्या बदल्यांबरोबर अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर अशी फिरत राहिली. बदलीच्या नोकरीतल्या घरात वाढलेल्यांना या यादीचा अर्थ वेगळा सांगायला नको. प्रत्येक ठिकाणी नवी भाषा, नवी चूल, नव्या शेजारणी. कलकत्त्यात नवरा-बायको बरोबरीने रस्त्याने चालू लागली की लोक थांबून टक लावून पाहत, हसत, शेरे मारीत. बंगाल हाही त्या काळच्या मराठी बाईला परमुलूखच होता आणि तिथे रुळणे त्यांना जमले, असे त्यांच्या बोलण्यावरून दिसत नाही.

श्रीरामपूर हे हुगळीकाठचे गाव. याच गावात विल्यम केरी यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले. म्हणजे आपल्या भाषेच्या छपाईचा एक धागा अशा परमुलखातूनच आलेला आहे, हे जाता जाता लक्षात ठेवण्याजोगे. त्याच गावच्या महाविद्यालयात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी अठरा वर्षेही पुरी न झालेल्या आनंदीबाई इंग्रजीत बोलायला उभ्या राहिल्या. अमेरिकेलाच का जाता, हिंदुस्थानात शिक्षणाची सोय नाही काय, एकट्या का जाता, परत आल्यावर जात वाळीत टाकणार नाही काय, संकट ओढवले तर काय कराल, आणि आजवर कोणा बाईने केले नाही ते तुम्हीच का करावे, असे सहा प्रश्न लोक त्यांना विचारीत होते. त्या सहाही प्रश्नांना त्यांनी भर सभेत उत्तरे दिली. कलकत्त्याच्या रस्त्यांवरचा उपहासही त्यांनी तिथल्याच लोकांसमोर बोलून दाखवला.

या भाषणाचे धैर्य सर्वांनी वाखाणले आहे. त्यातल्या एका प्रतिज्ञेकडे मात्र सहसा कोणी थांबून पाहत नाही. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहीन, गरजा वाढवणार नाही, पूर्वजांसारखी साधी राहीन, अशा आशयाचे वचन त्यांनी त्या सभेला दिले. जाण्याची वाट मोकळी व्हावी म्हणून हे वचन देणे भाग होते, आणि ते त्यांनी मनापासून दिले. पण त्याची किंमत पुढे चुकवावी लागली. परक्या शहरात रुळायचे म्हणजे बदलायचे. ज्याने न बदलण्याची शपथ जाहीरपणे घेतली आहे, त्याच्या बाबतीत पायात मोजे घालणे हीसुद्धा साधी गोष्ट राहत नाही.

७ एप्रिल १८८३ रोजी त्यांची बोट कलकत्त्याहून निघाली आणि ४ जूनला त्या न्यू यॉर्कला उतरल्या. सोबत नवरा नव्हता, ओळखीच्या झालेल्या मिशनरी बाया होत्या. शाकाहार सांभाळण्याची ओढाताण बोटीपासूनच सुरू झाली. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंशी त्यांचा तीन वर्षे पत्रव्यवहार चालू होता. दातांच्या वैद्याकडे बसलेल्या असताना एका मिशनरी मासिकात छापलेले गोपाळरावांचे पत्र या बाईंच्या वाचनात आले होते आणि त्यातून ही ओळख जुळली होती. आनंदीबाई त्यांना मावशी मानीत. त्यांच्या घरी काढलेला तो उन्हाळा हा आनंदीबाईंच्या अमेरिकेतल्या दिवसांतला सर्वांत मोकळा काळ असावा. तिथे त्यांनी आपल्या हातचे जेवण रांधले, घरच्या बायकामुलींना लुगडी नेसवली, आपल्याकडचे खेळ शिकवले. त्या घरात त्या पाहुण्या होत्या तशाच थोड्याशा यजमानीणही होत्या. ज्या घरात आपल्याला काही देता येते, ते घर लवकर आपले होते. ज्या घरात सतत घ्यावेच लागते, तिथे पाय अवघडलेलेच राहतात.

सप्टेंबर संपता संपता फिलाडेल्फिया आले. रोझेल आणि फिलाडेल्फिया यांत अंतर ते किती? आगगाडीचा काही तासांचा प्रवास. पण आनंदीबाईंच्या दृष्टीने परदेश या दोन गावांच्या मधेच कुठेतरी सुरू झाला. विटांच्या घरांच्या सरळ, लांबच लांब रांगा, कोळशाचा धूर, आणि त्यात स्त्रियांना वैद्यक शिकवण्यासाठी १८५० साली निघालेले ते महाविद्यालय. अधिष्ठाता रेचल बॉडली या मनाने मोठ्या बाई होत्या; तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली; अभ्यासाला उणे काही नव्हते. उणी होती ती खोली. तिथली भिंतीतली शेगडी नीट पेटत नसे आणि पेटली तर खोलीभर धूर कोंडे. खिडकी उघडावी तर थंडी आत, लावावी तर धूर आत. धुरात बसायचे की गारठ्यात, एवढीच काय ती निवड. कल्याणच्या हवेत वाढलेल्या, मुळात नाजूक प्रकृतीच्या मुलीने दिवसभर शरीरशास्त्राचे पाठ घेऊन संध्याकाळी अशा खोलीत शिरायचे, आणि मग स्वतःपुरते काही शिजवायचे. एकट्यासाठी शिजवणे किती जिवावर येते, हे येथल्या माजी विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. जेवण करण्याचा कंटाळा, मग अर्धपोटी अभ्यास, मग डोकेदुखी, हा क्रम तेव्हाही हाच होता. पुढे घटसर्पाने त्यांना गाठले, आणि क्षयाने तर पाठच सोडली नाही. ही सारी दुखणी त्या खोलीच्या माथी मारणे बरोबर होणार नाही. पण ती खोली निर्दोष होती असेही कोणी म्हणणार नाही.

आता लुगड्याची गोष्ट. नऊवारी लुगडे काचा मारून नेसले की पोटऱ्या उघड्या राहतात. कोकणात आणि देशावर ती सोय असते. बर्फात ती शिक्षा होते. आनंदीबाईंनी पुष्कळ विचार करून आतून परकर घालून गुजराती पद्धतीने, पाऊल झाकेल असे नेसायला आणि लांब बाह्यांचे पोलके घालायला सुरुवात केली. कपडा हिंदुस्थानीच राहिला, कपाळाचे कुंकूही राहिले. एका प्रांताची नेसण सोडून दुसऱ्या प्रांताची घेतली, इतकेच. आज यात कोणालाही वावगे दिसणार नाही. पण या बदलाचे कारण त्यांना पत्रातून नवऱ्याला समजावून सांगावे लागले, आणि गोपाळरावांना तो रुचला नाही. ज्या गृहस्थाने बायकोला शिकवण्यासाठी सगळ्या जगाशी भांडण मांडले, हट्टाने तिला सातासमुद्रापार धाडले, त्यालाच तिच्या पायघोळ नेसणीत ती हातातून निसटत चालल्याची खूण दिसू लागली. माणसाच्या मनाची ही वळणे गोपाळरावांचे चरित्र वाचताना वारंवार चकित करतात. त्यांना केवळ खलनायक करणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. आणि त्यांना थोर सुधारक म्हणून सोडून देणे त्याहूनही सोपे आहे.

परक्या शहरातल्या माणसाला वाटते की आपले भांडण या शहराशी आहे. इथल्या थंडीशी, इथल्या अन्नाशी, इथल्या लोकांच्या तुटकपणाशी. आनंदीबाईंची पत्रे वेगळे सांगतात. फिलाडेल्फियाशी त्यांचे फारसे भांडण नव्हते. थंडीवर गरम कपडा हे उत्तर होते, आणि ते त्यांनी शोधलेही. ज्याला उत्तर सापडेना ती होती श्रीरामपूरच्या सभेतली नजर. ती नजर महिना-सव्वा महिना प्रवास करून टपालाने येई आणि त्यांच्या ताटाकडे, पायांकडे, कपाळाकडे पाही. धर्म बदलेल काय, मांस खाईल काय, परत येईल काय? जे तिथे होते ते त्यांना पाहत होते कुतूहलाने. जे तिथे नव्हते ते पाहत होते संशयाने.

त्याच अंतराने त्यांना एक गोष्ट दिलीही. समोरासमोर जे कधी बोलता आले नसते, ते त्यांनी अमेरिकेतून नवऱ्याला लिहिले. लहानपणी शिकवताना खाल्लेला मार, अंगावर फेकलेली पुस्तके आणि खुर्च्या, सोडून जाण्याच्या धमक्या, हे सारे त्यांनी त्या पत्रात मांडले. आणि त्याच पत्रात, आज आपण जे आहोत ते त्यामुळेच, तेव्हा त्याला चांगले म्हणावे की वाईट हे ठरवणे कठीण, असेही नमूद केले. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी स्त्रीने नवऱ्याला लिहिलेल्या पत्रांत याच्या तोडीचे फार थोडे सापडेल. धुराने भरलेल्या त्या खोलीने त्यांना ऊब दिली नाही, पण हे लिहायला लागणारा एकान्त दिला.

इथे बसलेल्या पालकांना क्षणभर आजच्या काळात यावे लागेल. टपालाला तेव्हा महिना लागत असे. आता म्युनिक किंवा मेलबर्नच्या खोलीत शिजणारे वरण आईला त्याच क्षणी पडद्यावर दिसते. जेवलास का, एवढे का वाळलास, मागे ती बाटली कसली, हे प्रश्न मायेपोटीच येतात, त्यात शंका नाही. पण संध्याकाळी शेजारच्यांनी कॉफीला बोलावलेले असताना घरचा फोन येतो म्हणून खोलीतच बसून राहणारी मुले आहेत, आणि त्यांचे ते शहर वर्षानुवर्षे खिडकीबाहेरच राहते. आनंदीबाईंच्या वेळी टपालाच्या बोटी सावकाश चालत. ती एक प्रकारची सवलत होती.

हळूहळू फिलाडेल्फियात काही जागा त्यांच्या झाल्या. बॉडलीबाईंनी त्यांना आपल्या घरी राहायला नेले. महाविद्यालयात त्यांच्यासारख्याच दूरदेशीच्या मुली होत्या. १० ऑक्टोबर १८८५ चे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात मधे जपानच्या केई ओकामी किमोनोत, एका बाजूला सीरियाच्या सबात इस्लामबुली आपल्या देशाच्या पेहरावात, आणि दुसऱ्या बाजूला लुगडे नेसलेल्या, दागिने ल्यालेल्या आनंदीबाई. तिघींच्याही चेहऱ्यावर हसू नाही. त्या काळी छायाचित्रात हसत नसत. तरीही तिघी एकत्र बसल्यामुळे तिथे कोणीच एकटी परकी उरलेली नाही. प्रबंधासाठीही त्यांनी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. फिलाडेल्फियाच्या विद्यापीठी भाषेत आपल्या घरातल्या बाळंतिणीच्या खोलीविषयी लिहायचे, हा दोन घरांना जोडणारा पूलच म्हटला पाहिजे.

१८८५ मध्ये गोपाळराव स्वतः अमेरिकेत येऊन पोचले. ज्याच्यासाठी इतकी तळमळ, तो आला, म्हणजे घर आले असे वाटावे. पण सुख सरळ मार्गाने आले नाही. गोपाळराव व्याख्याने देत हिंडले आणि ज्या समाजाने त्यांच्या बायकोला आसरा दिला त्याच्यावर टीकेची झोड उठवीत राहिले. टपालाने येणारी नजर आता प्रत्यक्ष दारात उभी होती. तरीही पदवीदान झाले, इंग्लंडहून पंडिता रमाबाई त्या समारंभाला आल्या, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आनंदीबाई मायदेशी परतल्या त्या मरण सोबत घेऊनच. त्यांच्या अस्थींपैकी काही भाग गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवला. न्यू यॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, मावशीच्या माणसांमध्ये त्या आहेत.

आनंदीबाईंना मागे राहिलेली नजर सुटली नाही, कारण त्या नजरेत त्यांच्यावर हक्क सांगणारी माणसे होती. पण ज्याच्या मागे राहिलेल्या नजरेने त्याला माणूस म्हणूनच मोजले नाही, त्याला परके शहर कसे वाटले असेल?

बरोबर तीस वर्षांनी, जुलै १९१३ मध्ये, भीमराव आंबेडकर न्यू यॉर्कला उतरले. महाराजा सयाजीराव गायकवाडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती, दरमहा साडेअकरा पौंडांची. वय बावीस. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात ते प्रथम राहिले. तिथले जेवण रुचेना म्हणून आठवड्याभरात ते सोडून कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले, आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर राहिले. ही मैत्री जन्मभर टिकली. शिष्यवृत्तीतून घरी पैसे पाठवायचे, उरलेल्यात भूक भागवायची आणि जुनी पुस्तके घ्यायची. म्हणजे ओढग्रस्त आनंदीबाईंहून कमी नव्हती. थंडीही तीच होती.

पण त्या शहरात एक गोष्ट नव्हती. खानावळीत कोणी जात विचारली नाही. पाण्याचा पेला उचलताना कोणी हात आखडला नाही. वर्गात कोणाच्या शेजारी बसायचे हा प्रश्नच नव्हता. सातारा-मुंबईच्या शाळांत गोणपाटावर वेगळे बसलेल्या, शिपायाने वरून ओतल्याशिवाय पाणी न मिळालेल्या मुलाला हे काय वाटले असेल, ते शब्दांत पकडणे अवघड आहे. आयुष्यातले सर्वोत्तम मित्र आपल्याला कोलंबियात भेटले, असे बाबासाहेबांनी पुढे सांगितले. ९ मे १९१६ रोजी तिथल्याच एका चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींविषयीचा निबंध वाचला. जी गोष्ट ते शहर त्यांच्याबाबत पाळतच नव्हते, तिच्याकडे तिथे बसून त्यांना शांतपणे, शास्त्राच्या नजरेने पाहता आले. परक्या शहराने दिलेला एकान्त दोघांच्याही कामी आला, हे इथे ध्यानात येते.

न्यू यॉर्कहून लंडन, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये परत हिंदुस्थान. कराराप्रमाणे बडोदा संस्थानात नोकरी करायची होती. आपल्या आठवणींच्या टिपणात बाबासाहेब लिहितात की परदेशातल्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून गेली होती. बडोद्याच्या स्टेशनवर उतरल्यावर ती परत आली, कारण जावे कुठे, हा प्रश्न उभा राहिला. हिंदू खाणावळी घेणार नव्हत्या. एका पारशी धर्मशाळेत, पारशी नाव धारण करून, दिवसाला दीड रुपया देऊन ते वरच्या मजल्यावर राहिले. तिथे दुसरा मुक्कामकरी नव्हता. अडगळीने भरलेला मोठा अंधारा दिवाणखाना आणि मिणमिणता कंदील. बोलायला माणूस हवे म्हणून जीव तळमळे. मग पुस्तक उघडायचे आणि वाचत राहायचे. न्यू यॉर्कमध्ये जी एकाकी खोली त्यांना भेटली नव्हती, ती बडोद्यात भेटली.

अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेला पारशांचा जमाव जिन्याने वर आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा दम देऊन गेला. बाबासाहेबांनी दोन मित्रांना आसरा मागितला, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास कुठे काढायचे? ते कमाठी बागेत जाऊन बसले. ही बाग सयाजीरावांनीच, ज्यांच्या पैशावर ते अमेरिकेला गेले त्याच महाराजांनी, लोकांसाठी १८७९ साली वसवलेली. तिथे बसल्या बसल्या त्यांना, एखाद्या अनाथ लेकराला यावी तशी, आईवडिलांची आठवण आली. आठ वाजता ते उठले, गाडी करून धर्मशाळेत गेले, सामान खाली आणले. रखवालदार दारात आला. तोही काही बोलू शकला नाही, आणि तेही नाहीत. मग ते स्टेशनवर गेले.